कसर

मडगावात, आकेंच्या रस्त्याला माझं दुकान:
चौकटी, काचा, पुठ्ठे, बारीक खिळे.
पाद्री लिगोरियो स्कूटरवरून आले
आणि फळीवर ठेवलं चादरीत गुंडाळलेलं चित्र.
साष्टीतली कुठलीशी सेमिनरी, टेकडीच्या पाठीवर,
पाद्री घडवायची शाळा,
खाली खाजनशेतं, मानशीची दारं, वाकडी नदी.
"काच तडकलीय," ते म्हणाले, "तेवढी बदल.
आणि आभाळावरचे डाग निघाले तर बघ."

रात्री खिळे उपसले.
मागचा पुठ्ठा बिस्किटासारखा हातात आला.
साल शाबूत होतं, अठराशे अडुसष्ट.
सहीच्या जागी भोक.
कसर लागली होती; सगळा कागद सोडून
नाव तेवढं खाऊन गेली.
माझे वडील म्हणायचे, पुस्तकाला लागते ती कसर
आणि माणसात राहते तीही कसर,
शब्द एक, कारण दात एक.

भिंग लावलं तेव्हा कळलं,
इमारत रंगवलेलीच नाही.
त्या पांढऱ्या भिंती म्हणजे कोरा कागद,
भोवतीचं सगळं रंगवत जाऊन
मधे राहू दिलेला.
माड रंगवले, चिऱ्याच्या पायऱ्यांना काव,
चिखलाला चिखलाचाच रंग असावा असा,
आणि देवाचं घर
ब्रश न टेकवता उभं राहिलं.
बांधावरचा बगळाही तसाच.

खिडक्या मात्र मोजून काढलेल्या. एकतीस.
शिंपल्यांची तावदानं, करड्या पाण्याची.
तीस मिटलेल्या.
वरच्या मजल्यावर, उजवीकडून चौथी, उघडी,
तिथला काळा इतका दाट की बोटाला उंचवटा लागतो.

माउंटच्या कडेखाली दोन बोटं पट्टी
इतकी वर्षं उजेडावाचून होती.
तिथे ब्रश पुसलेला. हिरवा सात वेळा करून पाहिलेला,
सातव्यानंतर एक रागावलेला फराटा.
आणि निळा. चित्रातलं आभाळ
चहाच्या चोथ्यासारखं झालंय,
इथे मात्र त्या दिवसाची निळाई
झाकली होती म्हणून वाचली.

डागांकडे वळलो.
डाग नव्हतेच ते, चांदण्या होत्या,
रंग सुकताना कण फुटून उमटतात तशा.
जाणकाराने केलं नसतं ते मी केलं:
ओलं बोट कोपऱ्याला टेकवून जिभेवर ठेवलं.
खारट.
माझाच घाम असेल, पंखा बंद होता.

तरी झोप येईना.
मी त्याला मानशीवर बसवला,
अठरा-एकोणीस वर्षांचा, झग्याचा घोळ मांडीत खुपसून,
लॅटिनचा तास चुकवून आलेला,
वर आपलीच खिडकी उघडी टाकून.
भरतीचं पाणी करवंटीत घेतलं, नीळ कालवली,
आणि जुवारी गेली आभाळात.

शनिवारी पाद्री आले.
न विचारता मी माउंट दोन बोटं रुंद कापला होता.
सात हिरव्या रेघा त्यांनी पाहिल्या, बोलले नाहीत.
"डाग?"
"मीठ आहे ते, पाद्री. नदीच्या पाण्यात रंग कालवलाय."
ते हसले. "आमच्या विहिरीचंही
मे महिन्यात असंच होतं. चहा नासतो."

म्हणजे मानस गेली, भरती गेली,
तास चुकवणारा माझा पोरगाही गेला.
कुणीही असेल, कुठेही बसलेला,
विहिरीवरचं पाणी मागून घेतलेला.
उरला मे महिना.

पन्नास रुपये कमी दिले त्यांनी, सुटे नव्हते म्हणे.
चित्र चादरीत बांधून
स्कूटरवर दोन पावलांच्या मधे उभं केलं,
उलटं, आभाळ खाली.
मी हाक मारली.
ते वळणावरून गेले होते.